चंद्रकोरीची जागा

आता माझ्या हाताच्या पाठीवरची त्वचा चिमटीत धरून सोडली, तर ती आपल्या जागी परत बसायला वेळ घेते. सकाळी संध्येला बसलो आणि पळी हातात घेतली की दृष्टी तिच्याकडे जाते. खाली निळ्या शिरा स्पष्ट दिसतात, जणू पाणी आटलेल्या तळ्यात जुन्या पायऱ्या उघड्या पडाव्यात. मग हटकून डॉक्टर गयास आठवतात, मल्हारी आणि म्हाळसाबाई आठवतात, आणि पाणचक्कीच्या हौदाकाठचा तो ओलसर गारवा अंगावरून जातो.

निजामाचे राज्य होते. कचेरीत फसली सनाच्या तारखा घालणारी उर्दू, बाजारात मराठी आणि दख्खनी, आणि राजाबाजारातील माझ्या लहानशा औषधशाळेत संस्कृत, अशी भाषांची वाटणी औरंगाबादेत आपोआप झालेली होती आणि तिचा कुणाला भार वाटत नसे. माझे अध्ययन पैठणास, गोदेच्या काठी झालेले. गुरुजींनी शारीरस्थान, म्हणजे देहरचनेचे प्रकरण, मुखोद्गत करवून घेतले होते. मानवी त्वचा सात पदरांची, दुधावर साय धरावी तशी गर्भावर एकेक पदर धरत जाणारी. पहिली अवभासिनी, जी सर्व वर्ण प्रकट करते, दुसरी लोहिता, मग श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी, आणि सर्वांत खोल मांसधरा. ही नावे मी आजही देवाच्या नावांसारखी घेतो. ज्या कुणी पूर्वजाने ती ठेवली, त्याने माणसाच्या देहाकडे किती आदराने पाहिले असेल!

डॉक्टर गयास सरकारी दवाखान्यात शस्त्रवैद्य होते. हैदराबादेस उर्दूतून वैद्यक शिकून आलेले, पण जन्म इथलाच, शहागंजातला. उंच, कृश, बोलताना टोपी मागे सरकवण्याची सवय. आम्ही सायंकाळी पाणचक्कीच्या हौदावर भेटत असू. एकदा मी त्यांना सात त्वचांची नावे ऐकवली. त्यांनी डोळे मिटून, अजान ऐकावी तशी ती ऐकली.

"पंडतजी, सुभानल्ला. सातच्या सात मला मंजूर. पण चाकू लावला की मला दोनच दिसतात. एक वरची, तिच्यात खूनाचा थेंब नाही. एक खालची, तिच्यात सगळा संसार."

"रक्तच नाही, तर वरची जगते कशावर?"

त्यांनी हौदाकडे बोट केले. "हे पाणी कुठून आलं? डोंगरातून, नहरीतून. नहर दिसते का तुम्हाला? जमिनीच्या पोटात आहे. तिच्यातून मातीचे नळ निघतात, जागोजागी मनोऱ्यातून वर चढतात, आणि घराघरांत जातात. शहराची वरची माती कोरडी, पण तिच्याखाली दोन हातांवर पाणी खेळतंय. चमडीचं तसंच. एक जाळं खोल, चरबीच्या वर. तिथून बारीक नळ्या वर चढतात, आणि वरच्या पदराच्या अगदी खाली दुसरं जाळं करतात. वरची चमडी त्याच्या ओलीवर जगते."

"म्हणजे अवभासिनी, आणि तिच्याखाली लोहिता," मी म्हणालो.

त्यांनी टोपी मागे सरकवली. "तुमच्या किताबात दुसरीच लाल आहे?"

"दुसरीच."

"मग भांडण कशाचं? चला, चहा पाजा."

अशी आमची मैत्री होती.

त्या वर्षी वैशाखात एक मेंढपाळ जोडपे माझ्या औषधशाळेच्या पायरीशी येऊन बसले. पुरुष धिप्पाड, खांद्यावर काळी घोंगडी. स्त्रीने पदर असा ओढलेला की फक्त डोळे आणि कपाळ दिसावे. पुरुषाने हात जोडले.

"वैद्यबाबा, मी मल्हारी, ही म्हाळसा. खुलताबादेच्या वरल्या अंगाला आमचा वाडा असतो मेंढरांचा. हिला नाक लावून द्या."

"अरे, नाक म्हणजे काय बैलाची झूल आहे, चढवून द्यायला?"

तो हसला नाही. त्याने बायकोकडे पाहिले. तिने पदर खाली केला, आणि मला माझ्या थट्टेची लाज वाटली. नाकाचा मांसल भाग समूळ गेला होता. जखम भरलेली होती. मधोमध फक्त पोकळी उरली होती.

"चैतात मोहाची फुलं वेचाया गेलो व्हतो, गौताळ्याच्या रानात," ती म्हणाली. आवाज घोगरा येत होता. "अस्वलीण व्हती, पिलावाली. मी वाकलेली, तिनं एकदम उठून तोंडच धरलं. ह्यांनी काठीनं हाणून हाणून सोडवलं. दोन वर्सं झाली."

"आणि आता इतक्या दिवसांनी आलात?"

"मला काय धाड भरलीय? मी मेंढरामागं ऱ्हाते. मेंढरू काय नाक बघत नाय. मी ह्यांच्यासाठी आले, बाबा. ह्यांची घोंगडी कुणी घेत नाय."

मी मल्हारीकडे पाहिले. तो पायरीच्या दगडाकडे पाहत होता.

"म्हणत्यात, संशयापायी ह्यांनीच कापलं."

त्या काळी असे क्रौर्य घडत असे, हे मी नाकारू शकत नाही. म्हणूनच लोकांना ते चटकन खरे वाटे. म्हाळसाबाई सांगू लागली की गेल्या कार्तिकातल्या बाजारात एका म्हातारीने देवाच्या नवरात्रासाठी घोंगडी निवडली होती. तेवढ्यात वाऱ्याने हिचा पदर उडाला. म्हातारीने हातातली घोंगडी खाली टाकली आणि म्हणाली, बायकोचं नाक कापणाऱ्याच्या हातची लोकर माझ्या देवाखाली नको.

"खंडोबाची शपथ घेतली मी," मल्हारी हळूच म्हणाला. "जेवढी शपथ घेतो, तेवढं लोकं म्हणत्यात, नक्कीच कापलं असंल."

"अन् ह्यांच्या खांद्याला अस्वलाची नखं लागली, त्याचे वण ऱ्हायले सदऱ्याच्या आत," म्हाळसाबाई म्हणाली. "भर बाजारात सदरा काढून हिंडायचं का माणसानं?"

मी त्यांना घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो. कपाळाची त्वचा खाली वळवून नाक घडवण्याची कृती दोघांच्याही विद्येत होती. पण माझ्याकडे ती केवळ पाठांतरात होती, आणि हात त्यांच्याकडे होता. डॉक्टरांनी म्हाळसाबाईचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवून पुष्कळ वेळ पाहिला. मी विड्याचे पान मागवले आणि नाकाच्या मापाने कातरून दिले. शिकवण तशीच होती. त्यांनी ते पान तिच्या कपाळावर उलटे धरले, देठ दोन भुवयांच्या मध्ये.

"बघ बेटी, एवढी चमडी कपाळावरून सोडवायची, आणि अशी खाली फिरवून नाकाच्या जागी शिवायची. पण हा देठ तोडायचा नाही. भुवईपाशी आतून खूनाची नळी वर चढते, ती ह्या देठातून पानाला पाजते. देठ तोडला की पान सुकलं. तीनेक आठवड्यांत नाकाच्या कडेनं नवा खून पानात शिरतो. मग देठ तोडू."

म्हाळसाबाईने हात वर करून पान बाजूला सारले. तेव्हा माझ्या लक्षात आले की तिच्या कपाळाच्या मधोमध गोंदण होते. हिरवट काळी चंद्रकोर, खाली ठिपके.

"हे जाईल?"

"जाणार नाही. नाकावर येईल."

आमच्याकडच्या स्त्रियांची श्रद्धा अशी, की दागदागिने इथेच राहतात. देहाबरोबर जाते ते एकटे गोंदण. ही चंद्रकोर तिच्या आईने, राजाबाईने, स्वतः मांडीवर डोके धरून गोंदवून घेतली होती. आई त्यानंतर फार दिवस राहिली नव्हती. ज्या जागेवर आईचा हात होता, ती जागा सोडायला तिचे मन तयार होईना.

मग तिला एक तोड सुचली. "डाक्टरसायेब, आमी मेंढरू कातरतो तवा लोकर तेवढी निघती, कातडं तसंच ऱ्हातं. तुमी बी वरची साल तेवढी काढा. गोंदण खाली ऱ्हाऊ द्या."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "पंडतजी, तुमचं मत? गोंदण कुठल्या चमडीत आहे?"

मी विचार केला. वर्ण दाखवते ती अवभासिनी. तेव्हा रंग तिच्यातच असला पाहिजे. मी तसे म्हणालो.

"मग ते कोंड्याबरोबर महिन्यात गळून गेलं असतं. वरची चमडी रोज झडते. सुई तिला पार करून खालच्या चमडीत शाई ठेवते, जिथं खून फिरतो. म्हणून तर जन्मभर टिकतं." ते म्हाळसाबाईकडे वळले. "बेटी, तुझ्या आईनं दिलेलं वर नाहीये, आत आहे. आणि पान जगवायचं तर आतली चमडी खूनासकट घ्यावीच लागेल."

"बाजूचं घ्या मग," मल्हारी म्हणाला.

"हिचं कपाळ लहान, केस खाली उतरलेले. नळी मधून चढते. बाजूनं घेतलं तर पान उपाशी मरेल."

म्हाळसाबाई भिंतीकडे तोंड करून बसली. बाहेर दवाखान्याच्या अंगणात कुणी खराट्याने झाडत होते. तो खरखर आवाज पुष्कळ वेळ ऐकू येत राहिला. शेवटी ती म्हणाली, "चंद्र उलटा हुईल ना?"

"होईल. शिंगं खाली."

"हुंद्या. आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर तिला उलटाच दिसत व्हता."

शस्त्रकर्म झाले त्या दिवशी डॉक्टरांनी मला आत उभे राहू दिले. क्लोरोफॉर्मचा गोडसर वास, मेहरुन्निसाबी परिचारिकेच्या हातातील तबक, आणि डॉक्टरांची बोटे. कपाळावर मापाची रेघ ओढली. त्वचा उचलली गेली. तिच्या खालच्या अंगाला पिवळसर चरबीचा पातळ थर, आणि कापलेल्या कडेवर रक्ताचे बारीक बिंदू, दवाप्रमाणे एकेक उमलणारे. मी मनात नावे घेत होतो. लोहिता, श्वेता, ताम्रा. पाठ केलेली अक्षरे प्रथमच माझ्यासमोर देह धारण करत होती, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

"पंडतजी, बेशुद्ध पडू नका," डॉक्टर मान वर न करता म्हणाले. "माझ्याकडे पलंग एकच आहे."

पान फिरले, नाकाच्या जागी बसले, शिवले गेले. आतून रबरी नळ्या घातल्या. कपाळावर मलमपट्टी चढली. आणि नव्या नाकाच्या मधोमध ती चंद्रकोर, शिंगे खाली करून.

दोन दिवस पान गुलाबी होते. मग ते फुगले, आणि कडा निळसर दिसू लागल्या. मधल्या भागाचे तर काही कळेना, कारण गोंदणाच्या हिरवट काळ्या रंगापुढे निळेपणा ओळखूच येत नव्हता. डॉक्टरांनी सुईचे टोक लावले. काळसर रक्त संथपणे वर आले.

"खून जातोय, परत येत नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हौदात पाणी येतंय, बाहेर जायची मोरी तुंबलीय. देठातल्या बारीक शिरा दबल्या. असंच राहिलं तर पान काळं पडेल. दुसरं पान काढायला कपाळ उरलं नाही."

मल्हारी दाराशी उभा होता. त्याला सारे कळले. "साहेब, आता कपाळ बी गेलं तर लोकं म्हणतील, नाकानं भागलं नाय म्हणून त्यानं कपाळ बी सोललं." तो हसला, आणि हसता हसता त्याने घोंगडीत तोंड खुपसले.

मी म्हणालो, "जळवा लावू."

"सरकारी दवाखान्यात?" मेहरुन्निसाबी चकित झाल्या. "या अल्ला!"

डॉक्टरांनी टोपी मागे सरकवली. "मोरी तुंबली तर घागरीनं उपसावं लागतं. पंडतजी, आणा."

पण माझ्या मडक्यातील जळवा आदल्याच दिवशी एका रुग्णाच्या गुडघ्याला लावून झाल्या होत्या; त्या तृप्त होत्या, निरुपयोगी होत्या. ताज्या हव्या होत्या. मल्हारी ऐकत होता, आणि मी पुढे काही सांगण्याआधीच तो हर्सूल तलावाच्या वाटेला लागला होता.

दुपारी तो परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही पोटऱ्यांवरून रक्ताचे ओघळ, आणि मडक्यात दहाबारा जळवा, प्रत्येक अंगठ्याएवढी फुगलेली.

"अरे, ह्या प्यालेल्या आहेत!"

"व्हय तर. पाण्यात पाय सोडून बसलो, पोटभर पाजल्या," तो अभिमानाने म्हणाला. "उपाशी जनावर कामाला जुंपत नाय आमी. आधी चारा, मग काम."

मी कपाळावर हात मारला. डॉक्टर मात्र भिंतीला टेकून इतके हसले की डोळ्यांत पाणी आले. "मल्हारी, बाबा, ह्यांचं कामच जेवणं आहे! तू जेवू घालून आणलंस, आता त्या झोपणार."

मल्हारी तसाच माघारी वळला. या खेपेस मीही सोबत गेलो. तलावाच्या काठच्या शेवाळात तो पुन्हा पाय सोडून बसला. जळू नुसती चिकटली की मी हळदीच्या पाण्याचे बोट लावून, दंश करण्याआधीच, तिला सोडवत असे. त्याच्या पोटऱ्यांची त्वचा उन्हाने आणि काट्यांनी चामड्यासारखी झालेली होती. तरी ज्या जागी आधीच्या जळवांनी तोंड लावले होते, तिथून अजून ताजे, लाल रक्त पाझरत होते, थांबण्याचे नाव घेत नव्हते. त्याला म्हाळसाबाईसाठी काहीतरी द्यायचे होते आणि त्याच्याजवळ तेवढेच होते.

उपाशी जळू म्हाळसाबाईच्या निळ्या नाकावर ठेवली. तिने तोंड रोवले, अंग कमानीसारखे केले, आणि संथपणे पिऊ लागली. ती गळून पडल्यावर त्या बारीक छिद्रातून काळे रक्त पाझरत राहिले. मग दुसरी. पुढचे काही दिवस आम्ही असेच करत राहिलो. डॉक्टर येऊन पानाच्या कडेवर बोट दाबत. कड पांढरी पडे. बोट उचलले की सगळे श्वास रोखून पाहत, रंग कोणता परतून येतो. एका सकाळी तो निळा आला नाही. गुलाबी आला, लहान मुलाच्या गालावर यावा तसा.

"लोहिता," डॉक्टर म्हणाले. माझ्या आधी.

मग एक गंमत होऊ लागली. नाकावर माशी बसली की म्हाळसाबाई कपाळावर हात नेई. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नाकावरच्या चंद्रकोरीला काडी टेकवली.

"कुठं लागलं?"

"कपाळाला. जिथं आईनं गोंदलं तिथं."

"ही नस अजून जुन्या घरीच निरोप देते," डॉक्टर मला म्हणाले. "देठ तोडल्यावर हळूहळू विसरेल."

"इसरली नाय तरी चालंल," म्हाळसाबाई म्हणाली.

देठ तोडला तेव्हाही पान गुलाबीच राहिले. पावसाळा सरता सरता दोघे आपल्या मेंढरांकडे परतली. मेहरुन्निसाबींनी तिला जाताना आरसा दाखवला. नाक थोडे जाड होते, कपाळावर फिकट उभा व्रण होता. तिने व्रणाच्या वरच्या अंगाला कुंकू लावून घेतले आणि आरसा मल्हारीच्या हातात दिला. तो त्या आरशात न पाहता तिच्याकडेच पाहत राहिला.

पुढे डॉक्टर गयास यांची बदली बीडला झाली. काही वर्षे त्यांची ईदची शीरखुर्म्याची बरणी कुणाच्या ना कुणाच्या हाती येत राहिली. मग ती येणे थांबले. पाणचक्कीच्या हौदाकाठी मी अजूनही जातो. पाणी तेच वाहते, पण आता ते ऐकायला शेजारी कुणी नाही.

मात्र एक दृश्य मला जपून ठेवावेसे वाटते. ते त्याच वर्षीच्या कार्तिकातले. चंपाषष्ठीचे नवरात्र जवळ आल्याने शहागंजच्या बाजारात घोंगड्यांची रास पडली होती. मी सुंठ घ्यायला गेलो होतो. मल्हारी आणि म्हाळसाबाई एका भिंतीच्या सावलीत बसलेली दिसली. तिने पदर डोक्यावर घेतला होता, तोंडावर नाही. मी हाक मारणार, तोच दोन बायका त्यांच्यासमोर थांबल्या. थोरली घोंगडीची वीण बोटांनी चाचपत होती. धाकटी मात्र म्हाळसाबाईच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. मल्हारीची मान खाली गेली. मीही जागच्या जागी थांबलो.

"अगं बाई," धाकटी म्हणाली, "नाकावर गं कुणी गोंदलं तुझ्या? तेबी उलटं?"

म्हाळसाबाईचा हात सवयीने कपाळाकडे गेला, आणि मग खाली, चंद्रकोरीवर आला.

"माझ्या आईनं."

"लई दुखलं असंल."

"तवा कळलं नाय. ल्हान व्हते."

थोरलीने घोंगडी उलगडून उजेडाकडे धरली. "देवाखाली घालायची हाय, बाबा. वीण दाट हाय ना?"

मल्हारीने मान वर केली. तो बोलायला लागला तो थांबेचना. कुठल्या मेंढीची लोकर, कोणत्या पाण्यात धुतली, वीण किती दाट. मध्येच त्याची नजर माझ्यावर पडली.

"वैद्यबाबा, जरा बसा," तो ओरडला. "गिऱ्हाईक हाय."